वर्डपॅड गेलं: जुन्या फायली कशा शोधायच्या, उघडायच्या आणि टिकवायच्या

काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "अरे, माझ्या सगळ्या फायली बिघडल्या. नुसते कंस, आकडे आणि इंग्रजी अक्षरं दिसतायत." काका निवृत्त मुख्याध्यापक. गावच्या वाचनालयाची इतिवृत्तं, लोकांना लिहून दिलेले अर्ज, स्वतःच्या आठवणी हे सगळं ते पंधराएक वर्षं वर्डपॅडमध्ये लिहीत आले. संगणक अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवशी फाइलवर डबल-क्लिक केल्यावर विंडोजनं विचारलं, ही कशात उघडू? यादीत ओळखीचं नाव दिसलं ते नोटपॅडचं. काकांनी ते निवडलं आणि समोर तो सगळा पसारा उभा राहिला.

मी म्हटलं, "काका, आधी ती खिडकी बंद करा. सेव्ह करू का असं विचारलं तर 'डोन्ट सेव्ह' दाबा. आणि एकही फाइल पुसू नका."

तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर हीच वेळ आली असेल तर तुम्हालाही आधी हेच सांगेन. फायली बिघडलेल्या नसतात. त्या वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तेवढा निघून गेलेला असतो. पुढे लिहिलंय ते काकांच्या संगणकासमोर दोन रविवार बसून मी ज्या क्रमानं केलं, त्याच क्रमानं.

नेमकं काय झालं

वर्डपॅड आलं १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. त्याच्या आधी त्याच जागी 'राइट' नावाचा प्रोग्रॅम होता, तो १९८५ च्या पहिल्या विंडोजपासूनचा. म्हणजे विंडोज घेतलं की थोडंफार ठळक-तिरकं, लहान-मोठं अक्षर करून पत्र लिहिण्याची सोय सोबत येणार, हे जवळजवळ चाळीस वर्षं गृहीत होतं. वर्डपॅडमध्ये शुद्धलेखनाची तपासणी नव्हती, तळटीपा नव्हत्या, पानाच्या वर-खाली मजकूर टाकायची सोय नव्हती. पण ते फुकट होतं, क्षणात उघडायचं, आणि ज्याला फक्त एक अर्ज लिहून छापायचा आहे त्याला त्यापलीकडे काही लागत नसे. विंडोज ७ मध्ये त्याला वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, मिळाली आणि डॉक्स (docx, वर्डचा प्रकार) व ओडीटी (लिब्रेऑफिसचा प्रकार) या फायलीही ते उघडू लागलं. त्यानंतर त्यात फारसा बदल झाला नाही.

१ सप्टेंबर २०२३ ला मायक्रोसॉफ्टनं एक छोटी सूचना काढली. वर्डपॅडमध्ये आता सुधारणा होणार नाहीत, पुढच्या एखाद्या आवृत्तीतून ते काढलं जाईल, सजवलेल्या मजकुरासाठी वर्ड वापरा आणि साध्या मजकुरासाठी नोटपॅड. जानेवारी २०२४ मध्ये इनसायडर, म्हणजे नवं विंडोज आधी चाचणीला घेणाऱ्या, मंडळींना मिळालेल्या २६०२० या चाचणी आवृत्तीत ते पहिल्यांदा गायब झालं. मग १ ऑक्टोबर २०२४ ला विंडोज ११ ची '२४एच२' ही आवृत्ती सर्वांसाठी आली. तिच्यात वर्डपॅड नाही, आणि नंतरच्या २५एच२ मध्येही नाही. सर्व्हरवाल्यांसाठीच्या विंडोज सर्व्हर २०२५ मधूनही ते काढलंय. त्याबरोबर 'राइट' या जुन्या नावानं वर्डपॅड उघडून देणारी छोटी फाइलही गेली. आता आरटीएफ फाइल (वर्डपॅड ज्या प्रकारात साठवायचं ती) वाचू शकेल असं विंडोजचं स्वतःचं काहीच उरलेलं नाही.

माझ्या मते हे चुकीचं झालं. काकांसारखी किती माणसं केवळ त्या एका प्रोग्रॅमच्या भरवशावर संगणकावर लिहू लागली होती! पण निर्णय झालेला आहे, तेव्हा कामाला लागू.

तुमच्याकडे वर्डपॅड आहे की गेलं?

विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा रोमन अक्षरं सलग टाका आणि एंटर दाबा. तुमची आवृत्ती समोर येईल. विंडोज १० असेल, किंवा विंडोज ११ ची २३एच२ अथवा त्याआधीची असेल, तर वर्डपॅड अजून आहे. २४एच२ किंवा पुढची असेल तर गेलं.

विंडोज १० असूनही वर्डपॅड सापडत नसेल तर ते कुणीतरी काढलेलं असू शकतं. २०२० च्या आवृत्तीपासून ते ऐच्छिक भाग झालं होतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' टाका, 'अ‍ॅड अ फीचर' निवडा आणि यादीतून वर्डपॅड परत घ्या. २४एच२ मध्ये मात्र या यादीतही ते मिळत नाही, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज ना उद्या नवा संगणक किंवा नवं विंडोज घरात येणारच. पुढची सगळी कामं वर्डपॅड हाताशी असतानाच उरकली तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

आधी फायली गोळा करा

फाइल एक्सप्लोरर उघडा, डावीकडे 'धिस पीसी' वर क्लिक करा आणि उजवीकडच्या शोधपट्टीत तारा, टिंब आणि आर-टी-एफ ही रोमन अक्षरं मध्ये जागा न सोडता टाका. संगणकावरच्या सगळ्या आरटीएफ फायली एकेक करून वर येऊ लागतील. जरा वेळ लागतो, लागू द्या. काकांच्या संगणकावर दहा मिनिटं लागली.

यातल्या बऱ्याच फायली तुमच्या नसतात. प्रोग्रॅमसोबत येणारे परवाने आणि माहितीपत्रकंही आरटीएफमध्येच असतात. प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांमधलं काही घेऊ नका. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी किंवा ई ड्राइव्हमधलं पाहा. जुने पेन ड्राइव्ह आणि सीडी लावून तोच शोध पुन्हा करा.

सुट्या फायली उचलून एका ठिकाणी टाकू नका. 'अर्ज', 'अर्ज १', 'नवीन' अशी एकाच नावाची फाइल चार फोल्डरांत असते आणि एकीवर दुसरी बसली तर पहिली गेली. पूर्ण फोल्डरच कॉपी करा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन साठा, वापरत असाल तर फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह आहे का बघा. असेल तर ती फाइल संगणकावर नाही, फक्त तिचं नाव तिथे आहे. फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा.

ही प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही. ज्या काही खटपटी करायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर. ही सवय पुढे एकदा तरी उपयोगी पडतेच. ती का, ते फॉन्टच्या भागात कळेल.

नोटपॅडमध्ये दिसणारा तो 'कचरा' वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा. इथे दहा मिनिटं दिली तर पुढचे कित्येक तास वाचतात.

आरटीएफ हा मायक्रोसॉफ्टनं १९८७ साली काढलेला प्रकार. त्याची खासियत अशी की ती फाइल आतून साधा मजकूरच असते. ठळक, तिरकं, मोठं अक्षर अशा सगळ्या सूचना रोमन अक्षरांत मजकुराच्या मध्येच लिहिलेल्या असतात. उलटी तिरकी रेघ आणि पुढे बी म्हणजे इथून ठळक सुरू. तीच रेघ, बी आणि शून्य म्हणजे ठळक संपलं. वर्डपॅड या सूचना पाळायचं आणि आपल्याला फक्त पत्र दिसायचं. नोटपॅड काहीच पाळत नाही, जे आहे ते तसंच दाखवतं.

आता एखादी फाइल मुद्दाम नोटपॅडमध्ये उघडा. पाहायला हरकत नाही. काही टाइप करायचं नाही, काही पुसायचं नाही. सुरुवातीलाच महिरपी कंस आणि आर-टी-एफ-१ ही अक्षरं दिसली म्हणजे फाइल धडधाकट आहे. त्यानंतर लगेच फॉन्टची यादी असते, फॉन्टची नावं सरळ वाचता येतात. ती नावं कागदावर लिहून घ्या.

मग मजकुराकडे वळा. मराठी मजकूर दोनपैकी एका रूपात दिसेल.

पहिलं रूप आकड्यांचं. उलटी रेघ, यू आणि पुढे चार आकडी संख्या, अशी रांग. मराठीतलं प्रत्येक चिन्ह आरटीएफमध्ये त्याच्या युनिकोड क्रमांकानं, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकानं, लिहिलं जातं. 'म' म्हणजे २३५०, 'र' म्हणजे २३५२, काना २३६६, 'ठ' २३३६ आणि दुसरी वेलांटी २३६८. या पाच संख्या ओळीनं दिसल्या तर तिथे 'मराठी' लिहिलंय. देवनागरीची सगळी चिन्हं २३०४ ते २४३१ या टप्प्यात येतात. म्हणजे २३ किंवा २४ नं सुरू होणाऱ्या चार आकडी संख्यांची गर्दी दिसली की निश्चिंत व्हा. मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि कुठल्याही चांगल्या प्रोग्रॅममध्ये जसाच्या तसा उघडेल.

दुसरं रूप रोमन अक्षरांचं. असंबद्ध इंग्रजी अक्षरं, मध्ये मध्ये अवतरणचिन्हं आणि दोन-दोन अक्षरांचे तुकडे, आणि वरच्या फॉन्टच्या यादीत श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आकृती, योगेश अशांपैकी एखादं नाव. हा जुन्या फॉन्टातला मजकूर. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यासाठी खाली वेगळा भाग ठेवलाय.

काकांच्या फायली मी अशाच दोन फोल्डरांत विभागल्या. एकाला नाव दिलं 'आकडे', दुसऱ्याला 'अक्षरं'. तुम्हीही तसंच करा. पुढचं सगळं काम या वाटणीवर उभं आहे.

वर्डपॅडच्या जागी काय घ्यावं

घरात मायक्रोसॉफ्ट वर्ड आधीच विकत घेतलेलं असेल तर प्रश्नच नाही. वर्ड आरटीएफ उत्तम उघडतं.

नसेल तर माझी शिफारस लिब्रेऑफिसची. ते पूर्ण फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट नसतानाही चालतं आणि त्याच्या मेनूपासून सगळं मराठीत करून घेता येतं. त्यातला 'रायटर' हा भाग आपल्या कामाचा. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवरून उतरवू नका. बसवताना 'कस्टम' निवडलं की भाषांच्या यादीत मराठी घेता येते.

गूगल डॉक्सही चालतं. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि 'ओपन विथ' मधून गूगल डॉक्स निवडायचं. तरुणांना हे सोयीचं वाटतं. पण काकांसारख्या माणसाला, ज्याच्या घरी संध्याकाळी नेटवर्क जातं आणि ज्याला पासवर्ड आठवत नाही, त्याच्यावर मी हे लादणार नाही.

नोटपॅडबद्दल नीट समजून घ्या, कारण मायक्रोसॉफ्टनंही त्याचं नाव घेतलंय. नव्या नोटपॅडमध्ये २०२५ पासून ठळक, तिरकं, शीर्षक आणि याद्या अशी थोडी सजावट आली आहे. ती मार्कडाउन नावाच्या वेगळ्या पद्धतीनं लिहिली जाते. आरटीएफशी तिचा काही संबंध नाही आणि नोटपॅड आरटीएफ अजूनही तसंच कच्चं दाखवतं. नव्या टिपणांसाठी वापरा, जुन्या फायलींसाठी नको.

मॅक वापरणाऱ्या मुलाकडे किंवा नातवाकडे फाइल पाठवलीत तर तिथलं टेक्स्टएडिट ती थेट उघडेल.

नवा प्रोग्रॅम बसवला की कुठल्याही आरटीएफ फाइलवर राइट-क्लिक करा, 'ओपन विथ', मग 'चूज अ‍ॅनदर अ‍ॅप', त्यात लिब्रेऑफिस रायटर किंवा वर्ड, आणि खाली 'ऑलवेज'. आता डबल-क्लिक केलं की फाइल पूर्वीसारखी उघडेल. ज्येष्ठांच्या संगणकावर ही पायरी विसरलात तर तुमचा फोन पुन्हा वाजणार, हे नक्की.

लिब्रेऑफिस मराठीसाठी लावून घ्या

बसवल्यावर एकदाच करायचं काम आहे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या ओळीवर खूण करा आणि भाषा मराठी निवडा.

हे का लागतं? लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुरासाठी दोन फॉन्ट वेगळे धरतं, रोमन अक्षरांचा एक आणि देवनागरीचा एक. ही खूण नसेल तर देवनागरीचा फॉन्ट आणि आकार बदलायची जागा नीट हाती लागत नाही. इंग्रजी मोठं होतं, मराठी बारीकच राहतं, आणि माणूस वैतागतो. खूण केली की फॉरमॅट मेनूतल्या 'कॅरेक्टर' मध्ये दोन्ही स्वतंत्र दिसतात.

आणखी एक. जुन्या पत्रांमध्ये 'मंगल' फॉन्ट असतो. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मूळ विंडोजबरोबर येत नाहीत, निर्मला येतो. त्यामुळे तीच फाइल नव्या संगणकावर वेगळी दिसते, ओळी सरकतात, एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर जातं. 'ऑप्शनल फीचर्स' मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. पत्र पुन्हा जागेवर येतं.

'आकडे' फोल्डर: सरळ काम

युनिकोडमधल्या फायली एकेक करून उघडा आणि 'सेव्ह अ‍ॅज' करा. वर्ड वापरत असाल तर डॉक्स, लिब्रेऑफिस वापरत असाल तर ओडीटी. दुसऱ्यांना पाठवायच्या असतील तर लिब्रेऑफिसमधूनही डॉक्सच करा. डॉक्स करताना लिब्रेऑफिस मध्येच विचारेल की वर्डच्या प्रकारातच ठेवू का ओडीएफमध्ये, म्हणजे ओडीटीत; तेव्हा वर्डचा प्रकार निवडा. नाव तेच ठेवा, मूळ फाइल पुसू नका.

आरटीएफ चालतंय तर बदलायचंच कशाला, असं काकांनी विचारलं. रास्त प्रश्न. चार-दोन फायली असतील तर नका बदलू. पण आरटीएफची शेवटची आवृत्ती २००८ ची आहे, त्याच्यावर पुढे काही काम होत नाही. शिवाय त्यात चित्रं आकड्यांच्या लांबच लांब रांगा करून साठवली जातात, त्यामुळे एका फोटोनं फाइल कितीतरी पट फुगते. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं फोटो टाकलेलं निमंत्रण ई-मेलला जोडता येत नव्हतं; डॉक्स केल्यावर सहज गेलं.

बदललेली प्रत उघडून दोन गोष्टी बघा. चित्रं, विशेषतः वर्डपॅडमधून 'पेंट ड्रॉइंग' म्हणून काढलेली, कारण ती कधी कधी रिकामी चौकट होऊन येतात. आणि टॅब मारून जमवलेले रकाने, म्हणजे हिशोबाची पत्रकं वगैरे. बाकी वर्डपॅडच्या फायली इतक्या साध्या असतात की त्यात मोडण्यासारखं काही नसतं.

सह्या झालेली इतिवृत्तं, करार, दाखले यांची मात्र पीडीएफसुद्धा करून ठेवा.

शेकडो फायली असतील आणि कमांड लाइन येणारं कुणी घरात असेल तर लिब्रेऑफिस खिडकी न उघडता, म्हणजे 'हेडलेस' पद्धतीनं, अख्ख्या फोल्डरचं रूपांतर करू शकतं. 'कन्व्हर्ट-टू' हा त्याचा पर्याय शोधायला सांगा, अर्ध्या तासात काम होतं.

'अक्षरं' फोल्डर: इथे घाई नको

युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करायचं म्हणजे फॉन्टची युक्ती होती. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असायची. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा. कृतीदेवमध्ये 'मराठी' हा शब्द आत ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच असतो. श्रीलिपीत तोच शब्द वेगळ्या चिन्हांनी, योगेशमध्ये आणखी वेगळ्या. महाराष्ट्रातली कित्येक कार्यालयं, छापखाने, पतसंस्था आणि घरं यांनी अशाच फॉन्टांत वर्षानुवर्षं लिहिलं.

म्हणून या फायलींत फॉन्टचं नाव हीच किल्ली आहे. आरटीएफमध्ये ते नाव मजकुरासोबत लिहिलेलं असतं, ही तिची मोठी कृपा. मजकूर उचलून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नाव सुटतं आणि हाती फक्त निरर्थक रोमन अक्षरं राहतात. मागे मी ज्या पेन ड्राइव्हच्या प्रतीला हात लावू नका म्हटलं, ती यासाठी. काकांनी गोंधळलेल्या त्या दिवसांत तीन फायली 'साफ' करायला घेतल्या होत्या. वरचे कंस आणि नावं पुसून सेव्ह केल्या. त्यातला मजकूर कुठल्या फॉन्टात होता हे शोधायला आम्हाला एकेक जुना फॉन्ट लावून बघावा लागला. दोन लागल्या, एक अजून लागायची आहे.

क्रम असा ठेवा.

यादीत सापडलेल्या नावाचा फॉन्ट आधी मिळवा. जुना संगणक चालू असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या 'फॉन्ट्स' मधून तो उचला आणि नव्या संगणकावर फाइलवर राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल' करा. जुना संगणक भंगारात देण्याआधी हे केलंच पाहिजे. फॉन्ट गेला की मजकूर डोळ्यांना दिसणंच बंद होतं.

फॉन्ट बसला की फाइल रायटर किंवा वर्डमध्ये उघडा. मराठी नीट दिसली की लगेच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर वाचता येते, छापता येते. त्यात शोध घेता येणार नाही, मजकूर उचलता येणार नाही, पण वाचता येणं तरी पक्कं झालं. पुष्कळ फायलींसाठी एवढंच पुरतं. २००६ सालच्या सभेच्या सूचनेत कोण शब्द शोधायला जाणार?

ज्या फायलींवर पुढे काम करायचंय, जसं काकांच्या आठवणी, त्या युनिकोडमध्ये आणा. यासाठी कन्व्हर्टर लागतो आणि तो त्या-त्या फॉन्टचाच लागतो. कृतीदेवचा श्रीलिपीला चालत नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर पुष्कळ आहेत, पण तिथे खरेदीखतं, वैद्यकीय कागद, कुणाचे आधार किंवा खाते क्रमांक असलेला मजकूर चिकटवू नका. तो मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो.

सगळी फाइल एकदम घालायच्या आधी एक परिच्छेद घालून बघा आणि हे शब्द तपासा: 'विशिष्ट' सारखे पहिल्या वेलांटीचे, 'कार्यालय' सारखे रफाराचे, 'दऱ्या' आणि 'वाऱ्यावर' सारखे अर्ध्या र चे, 'श्री', 'ज्ञान', 'पद्म' सारखी जोडाक्षरं. कन्व्हर्टर चुकतो तो इथेच. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. अर्धा र तर हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरना माहीतच नसतो, ते 'दर्या' करून मोकळे होतात. चुका ठरावीक असतील तर 'फाइंड अँड रिप्लेस' नं एका झटक्यात सुधारतात.

मजकुरात मध्येच खरी इंग्रजी असेल, उदाहरणार्थ एखादा ई-मेलचा पत्ता, तर कन्व्हर्टर तिचीही मराठी करून टाकतो. असे तुकडे आधी बाजूला काढा. आकड्यांकडेही डोळ्यांत तेल घालून बघा. रकमा आणि तारखा मूळ पीडीएफशी ताडून पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

वर्डपॅडच परत हवं असेल तर

हे जमतं. जिथे अजून वर्डपॅड आहे अशा विंडोज १० किंवा २३एच२ च्या संगणकावर सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, विंडोज एनटी, अ‍ॅक्सेसरीज असं जा. आत वर्डपॅडची फाइल असते आणि भाषेच्या संक्षेपाच्या नावाचं एक छोटं फोल्डर असतं. अख्खं अ‍ॅक्सेसरीज फोल्डर उचला. भाषेचं फोल्डर राहिलं तर प्रोग्रॅम उघडतच नाही, बहुतेकांची गाडी तिथेच अडते. नव्या संगणकावर डॉक्युमेंट्समध्ये किंवा सी ड्राइव्हवर कुठेही ते ठेवा आणि वर्डपॅडवर डबल-क्लिक करा. ते चालतं.

नुकतंच अपग्रेड केलं असेल आणि दुसरा संगणक नसेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर बघा. जुनं विंडोज तिथे साधारण १० दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. त्याच्या आत वरचाच रस्ता धरला की जुनं वर्डपॅड सापडतं.

पण मी काकांना ते रोजच्या वापराला दिलं नाही. अशा प्रतीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि हे नुसतं कागदावरचं भय नाही. एप्रिल २०१७ मध्ये वर्ड आणि वर्डपॅड या दोन्हींतला एक दोष बुजवावा लागला होता. मुद्दाम बनवलेली आरटीएफ फाइल उघडली की हल्लेखोराचा प्रोग्रॅम चालू व्हायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे वर्डपॅडला निरोप जाहीर झाल्यानंतर दीड महिन्याच्या आत, आणखी एक बुजवला, त्यातून लॉगिनची गुप्त माहिती बाहेर जाऊ शकत होती आणि हल्लेखोर तो प्रत्यक्ष वापरत होते. यापुढे असं काही सापडलं तर तुमच्या उचलून आणलेल्या प्रतीला कुणी ठिगळ लावणार नाही. स्वतःच्या जुन्या फायली उघडायला वापरा. मेलमधून आलेली अनोळखी आरटीएफ त्यात कधीच उघडू नका. आणि 'वर्डपॅड फ्री डाउनलोड' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवरून ते मुळीच घेऊ नका.

डब्ल्यूआरआय फायली

फ्लॉपीच्या काळातल्या कुणाकडे 'राइट' च्या फायली असतील, ज्यांच्या नावाच्या शेवटी डब्ल्यू-आर-आय असतं. त्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, २०१६ च्या ५.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. काकांच्या कपाटात अशी एकच निघाली, शाळेतल्या एका निरोपसमारंभाचं भाषण. रायटरमध्ये उघडली, फॉन्टचं नाव दिसलं, तो फॉन्ट जुन्या सीडीवर होता. आता ती पीडीएफही आहे आणि युनिकोडमध्येही. 'साफ' केलेल्या तीनपैकी उरलेल्या एका फाइलवर येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत; अजून चार फॉन्ट लावून बघायचे बाकी आहेत.